आडनावाची चौकशी घरापासून करा

नाना फडणवीसांचं आडनाव फडणवीस नव्हतं. ते भानू, कोकणातल्या वेळासचे. नानांच्या आजोबांच्या काळात घराण्याकडे फडणिशी आली, ती मुलाकडे, नातवाकडे चालत राहिली आणि भानू हे नाव मागे पडलं. ज्यांची फडणिशी करायची ते पेशवे तरी कुठे जन्माचे पेशवे होते? ते श्रीवर्धनचे भट. तात्या टोपे येवल्याचे, म्हणून येवलेकर. महात्मा फुल्यांचं घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. आजोबांनी गाव सोडलं, पुढे मुलं पुण्यात फुलांच्या धंद्यात पडली, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागली आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. वेळासही त्याच तालुक्यात. एकाच तालुक्यातून निघालेल्या दोन घराण्यांची आडनावं अशी बदलली, एकाचं हुद्द्यामुळे आणि दुसऱ्याचं शाळेच्या रजिस्टरमुळे.

ज्यांच्या नावांनी रस्ते, विद्यापीठं आणि चौक ओळखले जातात त्यांची ही गोष्ट. मग तुमचं-माझं आडनाव अनादिकाळापासून जसंच्या तसं चालत आलंय, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? बहुतेक घरांत ते चार-सहा पिढ्यांपूर्वी कोणीतरी चिकटवलेलं असतं. कधी गावानं, कधी सरकारनं, कधी मास्तरनं, कधी एखाद्या टवाळ शेजाऱ्यानं. ते कोणी चिकटवलं आणि कधी, हे शोधून काढा आणि लिहून ठेवा, एवढंच या लेखातून मागायचं आहे. यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. एक वही लागते, थोडा प्रवास, आणि म्हाताऱ्या माणसांपाशी बसण्याची तयारी.

हे आत्ता मागण्याचं कारण सरळ आहे. ज्यांनी आजोबांच्या तोंडून पणजोबांच्या गोष्टी ऐकल्या ती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. गावाकडचे वाडे पाडून स्लॅब पडतायत आणि माळ्यावरचं दप्तर रद्दीच्या तराजूत जातंय. त्याच वेळी मोबाइलवर मात्र प्रत्येक आडनावाचा तयार इतिहास फिरतोय, ढाल-तलवारीच्या चित्रासकट. खरं हातचं जातंय आणि खोटं घरपोच येतंय.

त्या तयार इतिहासाचा समाचार आधीच घेऊ. त्यात साधारणपणे असं असतं: जाधव म्हणजे यादव, मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब, शेलार म्हणजे शिलाहार, साळुंखे म्हणजे चालुक्य. यातली काही नाती भाषेच्या अंगानं जुळतात, काहींवर अभ्यासकांनी गंभीरपणे लिहिलंय, आणि सिंदखेडच्या जाधवांसारख्या घराण्यांनी यादवांचा वारसा पिढ्यानपिढ्या सांगितला आहे. पण नाव जुळलं म्हणजे रक्त जुळलं असं होत नाही. देवगिरीचं राज्य 1318 च्या सुमारास संपलं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तेव्हापासून आजपर्यंत अठ्ठावीस पिढ्या होतात. तुमच्या घरात किती पिढ्यांची नावं सांगता येतात? पाच? सात? मधल्या वीस पिढ्या कुठल्या कागदावर आहेत, एवढं विचारलं की फॉरवर्ड पाठवणारा गप्प होतो. शिवाय जाधव, मोरे, पवार, गायकवाड, शिंदे ही आडनावं मराठा घरांत आहेत तशी बौद्ध, धनगर, चर्मकार, बंजारा अशा कितीतरी समाजांत आहेत. सगळ्यांनाच एका सिंहासनावर बसवायचं झालं तर सिंहासन फार रुंद लागेल.

पैसे घेऊन वंशावळ आणि कुळाचं चिन्ह छापून देणारेही निघालेत. माझं मत विचाराल तर त्या फ्रेमवर रुपयाही खर्च करू नका. तेवढ्या पैशात गावी जाऊन येणं होतं.

आता कामाकडे. मराठी आडनावांचा एक मोठा भाग हुद्द्यांवरून आला: कुलकर्णी, पाटील, देशमुख, देशपांडे, चिटणीस, पोतनीस, सबनीस, मुजुमदार, हवालदार, किल्लेदार. गावाचा कारभारी पाटील, गावचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी. परगण्याला तीच जोडी देशमुख आणि देशपांडे. ही वतनं वंशपरंपरेनं चालत, म्हणून हुद्दा आडनावाच्या जागी बसला. यातून शोध घेणाऱ्याला दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, एका वतनदाराच्या भावाकडे वतन आलं नसेल तर तो जुन्याच आडनावानं राहिला असणार. म्हणजे तुमचे सख्खे भाऊबंद वेगळ्या आडनावाखाली सापडतील. दुसरी, सगळे पाटील किंवा सगळे देशमुख एकमेकांचे कोणीच नसू शकतात. पाटील मराठा आहेत, आगरी आहेत, कोळी आहेत, लेवा आहेत, लिंगायत आणि जैन आहेत, मुसलमानही आहेत. देशमुख ब्राह्मण, मराठा, कायस्थ प्रभू आणि मुसलमान घरांत आढळतात. हुद्दा जात पाहून ठरत असला तरी सगळीकडे तो एकाच जातीकडे नव्हता.

पुढे 1950 च्या कायद्यानं परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, 1958 च्या कायद्यानं महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतनं गेली, 1962 च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद गेलं. हुद्दे संपले, आडनावं राहिली. तुमचं आडनाव या प्रकारचं असेल तर वतन कोणत्या गावचं, ते कोणाच्या नावे लागलं होतं, आणि ते मिळण्यापूर्वी घराण्याला काय म्हणत, हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं.

दुसरा मोठा भाग गावावरून आलेल्या आडनावांचा. इथे लोक एक गोष्ट विसरतात. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोणी हाक मारत नाही, तिथे सगळेच त्या गावचे. नावापुढे 'कर' लागतो तो माणूस गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, पण ते नाव गाजलं माळव्यात. म्हणून गावाच्या नावाचं आडनाव असेल तर शोध गावाचा नसतो, गाव सोडण्याचा असतो. कोण निघालं, कधी, आणि का? 1876 ते 78 च्या दुष्काळानं दख्खनची खेडी रिकामी केली. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणची आणि घाटावरची माणसं ओढून नेली. कोणाला भाऊबंदकीनं हाकललं, कोणाला सावकारानं, कोणाला गावानं टाकलेल्या बहिष्कारानं. घरात याबद्दल एखादं वाक्य नक्की टिकून असतं, 'आपण रातोरात निघालो' यासारखं. ते वाक्य जसंच्या तसं टिपून घ्या.

दीनानाथ मंगेशकरांचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. त्यांच्या वडिलांकडची नावं हर्डीकर, अभिषेकी. मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून घेतलं. आणि मंगेश हा देवसुद्धा मूळचा तिथला नव्हे. पोर्तुगीजांच्या धाकानं 1560 मध्ये तो कुठ्ठाळीहून प्रियोळला आणला गेला. माणसं हलली तसे देवही हलले, आणि नावं दोघांच्या मागे फिरली.

एक सावधगिरी. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव या नावाची गावं महाराष्ट्रात जागोजागी आहेत. वडगावकरांनी जवळच्या वडगावला जाऊन 'हेच आमचं' म्हणून नारळ फोडण्याआधी कुलदैवत कोणत्या भागातलं आहे ते पाहावं.

कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांची आडनावं या रीतीचा सुंदर पुरावा आहेत: पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर. अशी शंभराहून अधिक गावांची नावं त्यांनी आडनावं म्हणून धरली. यातली बरीच कुटुंबं 1948 नंतर इस्रायलला गेली, पण रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या लहानशा गावाचं नाव अजून तिकडच्या घरांच्या दारांवर आहे. केहिमकरांना किहीम आठवावं लागत नाही, ते सहीतच आहे. उलट मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचं झालं. 1834 नंतर करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या नोंदी कारकुनांनी ऐकू आल्या तशा केल्या, आणि आजोबाचं पाळण्यातलं नावच पुढे नातवंडांचं आडनाव होऊन बसलं. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दफ्तरं जतन केली आहेत. मॉरिशसच्या मराठी माणसाला रत्नागिरीकडचं आपलं मूळ शोधायचं तर आडनाव उपयोगाचं नाही, जहाजाची नोंद उपयोगाची.

गोवा आणि वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत आणखी वेगळी तऱ्हा. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं पोर्तुगीज आडनाव मिळे. एकाच घरातल्या दोघांना दोन आडनावं मिळाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून दोन डिसोझा एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही. त्यांच्यासाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं हा मोठा आधार.

टोपणनावांवरून, धंद्यांवरून, अंगकाठीवरून, खाण्यापिण्यावरून आलेल्या आडनावांची यादी मी इथे देत नाही. ती वाचून लोक हसतात आणि विषय तिथेच संपतो. अशा आडनावामागे एखादा प्रसंग असतो. तो घरात कोणाला ठाऊक असेल तर लिहा, नसेल तर रचू नका. घोरपड्यांची कथा घ्या. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून किल्ला चढला म्हणून भोसल्यांच्या एका शाखेला घोरपडे म्हणू लागले, असं त्या घराण्यात सांगतात. तीच घोरपड पुढे तानाजीच्या गोष्टीत सिंहगडावर चढली. टोपे नावाच्याही दोन गोष्टी आहेत: कोणी म्हणतं बाजीरावानं मानाची टोपी दिली, कोणी म्हणतं तोफखान्याशी संबंध होता. दोन्ही गोष्टी लिहाव्यात आणि दोन्हींपुढे 'सांगतात' असं लिहावं. या एका शब्दानं तुमची वही विश्वासाची होते.

आता विचारायचं कसं. 'आपण मूळचे कुठले?' असं आजीला विचारलंत तर ठरलेलं एक वाक्य मिळेल आणि पुढे काही नाही. आडवळणानं विचारा. आपल्याकडे सुतक कोणाकोणाचं धरायचे? कोणत्या घरात गेलं की दहा दिवस, आणि कोणाचं तीनच? ज्यांचं सुतक धरलं जातं ते भाऊबंद, मग त्यांचं आडनाव काहीही असो. कागद नसलेल्या घरातही ही यादी असते, फक्त ती बायकांच्या तोंडी असते, कारण सुतकातला सोवळा-ओवळा स्वयंपाक त्यांनाच सांभाळावा लागे. मग सोयरिकीबद्दल विचारा: कोणत्या आडनावाच्या घरी आपली मुलगी देत नाहीत? 'ते आपल्यातलेच' असं उत्तर आलं की समजा, ती दोन आडनावं कधीतरी एक होती. मग लग्नातलं देवक विचारा. कळंब, उंबर, पंचपल्लव, मोराचं पीस, काय असेल ते. मग कुलदैवत आणि त्याच्या वाटेवरचं गाव: जाऊळ कुठे काढायचं, नवस फेडायला बैलगाडी कुठे मुक्काम करायची. आडनाव बदलतं, धंदा बदलतो, जिल्हा बदलतो. कुलदैवत आणि देवक मात्र घराणी सहसा सोडत नाहीत. बौद्ध झालेल्या घरांत 1956 नंतर हे धागे सोडले गेले, तरी वडीलधाऱ्यांना जुन्या जत्रेचं गाव आठवतं. ते विचारायला हरकत नाही. त्यांनी का सोडलं तेही त्याच पानावर लिहा.

बोलताना मोबाइलवर आवाज भरून घ्या, पण सांगून. आणि एका बैठकीत सगळं उरकू नका. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे जास्त आठवतं.

घरातलं संपलं की कागद. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हा सामान्य माणसाचा सगळ्यात भरवशाचा कागद आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 या तारखेला भिवा रामजी आंबेडकर ही बाबासाहेबांची नोंद आहे. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आंबेडकर हे आडनाव एका शिक्षकानं दिलं अशी गोष्ट सर्वत्र सांगतात, त्यावर अभ्यासकांत वाद आहे. वादात न पडता रजिस्टरातली ओळ मात्र कोणालाही पाहता येते. तुमच्या आजोबांची शाळा अजून चालू असेल तर तिथेही अशी एक ओळ असेल. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, परीक्षांचे दिवस टाळून जा.

त्यानंतर तहसील कार्यालय. जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना 14 मध्ये असे; लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जमिनीचे जुने फेरफार, हक्कनोंदणी, पाहणी पत्रकं, कुळांच्या नोंदी यांतून बाप-लेकांची साखळी जुळते. बऱ्याच ठिकाणचे जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन झाले आहेत. कोतवाल बुकात पुष्कळदा नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं, आडनावाचा पत्ता नसतो. तेवढ्यानं हिरमुसू नका. ज्या वर्षीच्या नोंदीत आडनाव पहिल्यांदा दिसतं ते वर्षच तुम्हाला हवं होतं. 2023 मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्यातालुक्यांत ही रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. त्या मागणीबद्दल कोणाचं काही मत असो, जुन्या कागदाची किंमत त्या वर्षी खेड्यापाड्यांतल्या लोकांना कळली.

हे कागद बहुधा मोडीत असतात. मराठवाड्यातले निजामकाळचे उर्दूत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात, त्यामुळे आडनावाचं वाचन चुकू शकतं. एकाच माणसानं वाचलेलं पक्कं धरू नका, दुसऱ्याला दाखवा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. घरातल्या एका तरुणानं ती लिपी शिकली तर पुढच्या सगळ्या खेपांचे पैसे वाचतात. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, पण थेट तिथे धावू नका. गाव, परगणा आणि निदान एक नाव हाताशी असल्याशिवाय तिथे जाणं म्हणजे दिवस वाया.

इंग्रजी स्पेलिंगानंही घोळ घातलाय. शिंद्यांचे सिंधिया झाले ते साहेबाच्या कानामुळे. जुन्या इंग्रजी गॅझेटात किंवा पलटणीच्या यादीत आपलं आडनाव ओळखू येईल अशा रूपात असेल असं समजू नका. मोठ्यानं वाचा, मग ओळखू येतं.

कागदाइतकीच मोठी ठेव तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांकडे आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, प्रयाग, गया, हरिद्वार. यात्रेकरू आला की त्याचं गाव, बापाचं नाव, भाऊ, मुलं लिहून घ्यायची आणि खाली सही किंवा अंगठा, अशी पद्धत. वह्या बहुधा गावाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे लावलेल्या असतात, म्हणून तिथे मूळ गाव सांगता आलं पाहिजे. शहराचं नाव सांगून काही निघत नाही. पणजोबांच्या हातची सही तिथे दिसली तर फोटो काढण्यापूर्वी विचारा, दक्षिणा देताना हात आखडू नका, आणि आपली नोंद करूनच उठा. नोंदीत मुलींची नावं घालायला सांगा. उपाध्याय कुरकुरले तरी सांगा.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या लोकांना हेळवी आठवत असतील. सुगीनंतर बैल घेऊन येणारे, घराच्या दारात बसून त्या घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवणारे. मूळ गाव कोणतं, कोण कुठून आला, कोणाला किती मुलं, हे त्यांच्या चोपड्यांत असतं आणि बदल्यात धान्य, कपडा, कधी जनावर मिळे. हा समाज कर्नाटकातही पसरलेला आहे. आता त्यांची पोरं नोकऱ्या शोधतायत, जे योग्यच आहे, पण चोपड्यांचं काय होणार याची कोणाला फिकीर नाही. तुमच्या घरी हेळवी येत असेल तर पुढच्या वेळी दोन पायल्या ज्वारीवर त्याला वाटेला लावू नका. बसवा, चहा द्या, वाचून घ्या, लिहून घ्या, आणि त्याच्या कामाचे रोख पैसे द्या. तो आपला इतिहास सांभाळतोय आणि आपण त्याला भिक्षेकरी समजतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

कुलवृत्तांत छापण्याची मराठीत चांगली परंपरा आहे. पण ती मुख्यतः लिहित्या-वाचत्या, वतनाच्या, विशेषतः ब्राह्मण घराण्यांत वाढली. ज्यांच्या घरी सनद नव्हती त्यांना वाटतं, आपल्याला कसला इतिहास. हा गैरसमज काढून टाका. तुमचा कागद माळ्यावर नसेल, पण गिरणीच्या हजेरीपटात असेल, रेल्वेच्या सर्व्हिस बुकात असेल, पलटणीच्या नोंदीत, नगरपालिकेच्या सफाई खात्याच्या पगारपत्रकात, साखर कारखान्याच्या तोडणी टोळीच्या यादीत असेल. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापले ते गावोगाव फिरून, लोकांच्या घरातले कागद मिळवून. तोवर त्या कागदांना कोणी इतिहास म्हणत नव्हतं. हजेरीपटालाही आज म्हणत नाहीत, एवढाच फरक.

वंशवृक्षांचा आणखी एक जुना दोष तुम्ही पुढे चालवू नका. त्यांत बायका नसतात. असतात तिथे फक्त 'पत्नी' असतात. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव तर बदलेच, पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही बदलत, म्हणून पणजीचं माहेर शोधायचं तर चार नावांचा मेळ घालावा लागतो. प्रत्येक सुनेपुढे माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव लिहा. सावित्रीबाई नायगावच्या नेवसे, हे ठाऊक आहे म्हणून नायगावला आज लोक जातात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं राज्यानं सक्तीचं केलं आहे. तुमची वही सरकारच्या मागे राहू नये. लेकीच्या घरची पिढीही लिहा. आडनाव वेगळं झालं म्हणून ती पिढी आपली नाही असं होत नाही.

शोधताना नको ते सापडतं. कोणी दत्तक गेलेला असतो, कोणी कर्जापायी नाव बदलून पळालेला, कोणाच्या पूर्वजानं गावातल्या दुबळ्यांची जमीन लाटलेली, कोणी हिणवणारं आडनाव टाकून नवं घेतलेलं. लिहा. जिवंत माणसाला त्रास होणार असेल तर ते पान बाजूला ठेवा, पण खोटं लिहून जागा भरू नका. आज ज्यांना आडनाव बदलायचं आहे त्यांनी खुशाल बदलावं; शासनाच्या राजपत्रात नोंद देऊन ते रीतसर होतं. फक्त जुनं काय होतं आणि का टाकलं हे वहीत राहू द्या, म्हणजे नातवाला अंधारात चाचपडावं लागणार नाही.

आणि ही वही शेजाऱ्याला कमी दाखवण्यासाठी वापरू नका. भाड्यानं घर देताना, डबा देताना, मुलीला पाहायला आलेल्या मुलाकडून आडवळणानं पूर्ण नाव काढून घेताना आपण आडनावाचा जो उपयोग करतो तो आडनावाचा सगळ्यात घाणेरडा उपयोग आहे. वर सांगितलंच आहे की एक आडनाव दहा समाजांत असतं. तेव्हा तो उपयोग मूर्खपणाचाही आहे.

वही पूर्ण झाली की चार प्रती काढा आणि चार घरांत ठेवा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर त्यात घालून ती सगळ्यांना पाठवत सुटू नका. फसवणाऱ्यांना तेवढंच लागतं. जुना कागद सापडला तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि कागद स्वच्छ सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा. पेशवे दफ्तरातली बाडं कापडी रुमालांत बांधून ठेवलेली होती आणि ती दोन-अडीचशे वर्षं टिकली.

सुरुवात कागदापासून करू नका. तुमच्या घराण्यातली सगळ्यात वयस्क आत्या किंवा मावशी कुठे राहते ते पाहा, येत्या रविवारी तिच्याकडे जा, आणि पहिला प्रश्न सुतकाचा विचारा.